परत मागितलेलं वाण

मी आयुष्यात एकदाच चोरी केली, आणि तीही मिरीच्या वेलाच्या तुकड्याची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं आणि तोंडाने ते कबूल करायला मला पाच वर्षं लागली.

आमचं घर गुहागर तालुक्यातल्या एका समुद्रकाठच्या गावात. घरामागे आगर, म्हणजे नारळ-पोफळींची बाग, आणि बहुतेक प्रत्येक पोफळीवर मिरीचा वेल चढवलेला. आमचे हे शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यापासून ते वर्तमानपत्रात जे शिरले ते जेवणापुरते बाहेर येतात. त्यामुळे आगर माझं. शिंपणं, खत, मिरी काढणं, वाळवणं, सगळं मीच बघते. गावात माझी अशी ख्याती की हिने वाळकी काठी रोवली तरी तिला पालवी फुटते. हे ऐकायला मला फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, अजूनही आवडतं.

तर चोरीचं असं झालं. पाच वर्षांपूर्वी आम्ही दोन जिल्हे ओलांडून एका लग्नाला गेलो होतो. मांडवाच्या मागेच कुणाची तरी बाग होती. जेवणं झाल्यावर मी सहज तिकडे गेले तर तिथे एक मिरीचा वेल, आणि त्याचे घोस वीत-वीतभर लांब, दाण्याला दाणा चिकटलेला. माझी नजर हलेना. मालकाला नुसतं विचारलं असतं तरी त्याने हसत रोप काढून दिलं असतं. पण आमच्याकडे बायका ठामपणे मानतात की मागून आणलेलं रोप रडत वाढतं आणि गुपचूप आणलेलं जोमाने वाढतं. मी बी.ए. झालेली आहे, तरी मानते. इकडेतिकडे बघितलं, वेलाच्या बुडाशी जमिनीवरून पळणारा एक फुटवा मोडला, ओल्या रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये कोंबला. परतीच्या गाडीत ह्यांनी विचारलं, "तुझ्या पर्समधून माती का सांडतेय?"

"प्रसाद आहे," मी म्हटलं.

विहिरीजवळच्या पोफळीपाशी तो तुकडा लावला आणि तो खरोखरच सुसाट वर गेला. चौथ्या वर्षी घोसांनी असा लगडला की मिरी विकत घ्यायला येणारा माणूससुद्धा थांबून बघायचा. कुठून आणलात, असं कुणी विचारलं की मी सांगायचे, "नर्सरीतून." कुठल्या नर्सरीतून, असं विचारलं की मी चहा टाकायला आत जायचे.

आता संक्रांतीचं सांगते. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना वाण म्हणून काहीतरी वस्तू द्यायची असते. दरवर्षी तेच प्लास्टिकचे डबे, त्याच चाळण्या. माझ्या फडताळात अशा डब्यांची एक वाडीच वसलेली आहे. गेल्या वर्षीच्या संक्रांतीसाठी मी ठरवलं की औंदा जिवंत वस्तू द्यायची. त्याआधीच्या पावसाळ्यातच त्या लांब घोसाच्या वेलाचे फुटवे काढले, तीन-तीन डोळ्यांचे तुकडे केले, काळ्या पिशव्यांत लावले आणि आंब्याच्या सावलीत ठेवून जपले. संक्रांतीपर्यंत सत्तावीस रोपं तयार झाली. कोवळी, चकचकीत पानं. मी त्यांच्याकडे बघून स्वतःवरच खूश होत होते.

त्याच वर्षी मी आणखी एक गोष्ट ठरवली होती. आमच्या पलीकडच्या वाडीत एक बाई राहते. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, मला वैनी म्हणते. तिचा नवरा आजाराने गेला त्याला अकरा वर्षं झाली. त्याच्या मागे तिच्याकडे एक चिंचोळं आगर राहिलं, आणि त्यातली मिरी हेच तिचं मुख्य उत्पन्न. घर त्यावर चालतं, मुलीचं नर्सिंगचं शिक्षण त्यावर चाललंय. नारळ काय, माकडं ठेवतील तेवढेच. माझ्याकडे मिरी काढायचे दिवस आले की ती मदतीला येते आणि तिच्याकडे मी जाते. पण संक्रांतीला, अकरा वर्षं, ती माझ्या घरी यायची आणि मागच्या दारी बसून कपबश्या धुवायची. पुढे ओटीवर बायका बसलेल्या असायच्या. मला ते दिसायचं आणि मी काही बोलायचे नाही, हे मला स्वतःलाच सांगायला लाज वाटते.

त्या दिवशी मी तिच्या हातातली बशी काढून घेतली, तिला दंडाला धरून पुढे आणलं आणि सगळ्यांच्या रांगेत चटईवर बसवलं. शेजारच्या काकू, ज्यांना सगळं गावच काकू म्हणतं आणि ज्यांना गावातली प्रत्येक रीत पाठ आहे, त्या म्हणाल्या, "रीत मोडलीस गो. बघ हां."

"माझ्या ओटीवरची रीत मी बघते, काकू," मी म्हटलं. माझं डोकं तापलं की माझा आवाज बारीक होतो, आणि तो झाला होता.

मी तिला हळद लावली, कुंकू लावलं आणि वेलाची पिशवी तिच्या हातात दिली. तिने मान वर केली नाही. पिशवी दोन्ही हातांनी धरून ती थोडा वेळ तशीच बसली आणि तिळगूळ न खाताच उठून घरी गेली. तिला राग आला की काय, या विचाराने मला संध्याकाळभर चैन पडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिची मुलगी भेटली, तर म्हणाली, आईने ती पिशवी देवापुढे ठेवलीय.

पाऊस सुरू झाल्यावर सगळ्यांनी आपापले वेल लावले. मला ठिकठिकाणांहून कौतुकाचे निरोप येत होते.

नवरात्र संपलं आणि एके सकाळी शिंपणं करताना मी विहिरीजवळच्या वेलाकडे बघितलं. शेंड्याकडची नवीन पानं लहान आली होती. लहान आणि अरुंद, कडेने चुरगळल्यासारखी, आणि त्यांच्यावर फिकट पिवळे ठिपके. मी मनात म्हटलं, पावसाने जमीन धुपली, खत कमी पडलं. शेण घातलं, पेंड घातली. पंधरा दिवसांनी आणखी वरची पानं आली, ती त्याहून लहान. दोन पेरांमधलं अंतर आखडलं होतं. घोस बोटाच्या पेराएवढे, आणि त्यांत दाणे कुठे आहेत कुठे नाहीत.

मी झाडं वाढवण्यात आयुष्य घालवलंय. कीड लागलेलं झाड मला ओळखू येतं, तहानलेलं ओळखू येतं. हे यातलं काही नव्हतं. त्या वेलाला आतून काहीतरी झालं होतं.

तालुक्याच्या कृषी कार्यालयातल्या एक बाई माझ्या ओळखीच्या आहेत. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेल्या, फार न बोलणाऱ्या. त्या आल्या. त्यांनी पान उलटं केलं, भिंगातून बघितलं आणि मला बघायला लावलं. पानाच्या देठाशी पांढऱ्या पिठासारखे पिठ्या ढेकूण बसले होते आणि मुंग्या त्यांच्यामधून ये-जा करत होत्या.

"मला विषाणूची शंका येतेय," त्या म्हणाल्या. "नमुना तपासायला पाठवते. पण तसं निघालं तर एक लक्षात घ्या, ह्याला औषध नाही. हे ढेकूण एका वेलावरून दुसऱ्या वेलावर रोग नेतात, आणि मुंग्या ह्या ढेकणांना उचलून नेतात. पण सगळ्यात जास्त तो माणसंच पसरवतात. रोगट वेलाचे तुकडे लावले की रोप जन्मालाच रोग घेऊन येतं. आधी निरोगी दिसतं, वर्ष-दोन वर्षं कळतसुद्धा नाही." मग त्यांनी चष्मा खाली सोडला आणि विचारलं, "ह्या वेलाची रोपं कुणाला दिली नाहीत ना?"

"नाही," मी म्हटलं.

का म्हटलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. 'सत्तावीस' हा शब्द घशापर्यंत आला आणि तिथेच बसला. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्या गेल्या. मी विहिरीच्या कट्ट्यावर बसले.

अहवाल यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मला जिकडेतिकडे ठिपके दिसू लागले. बाजारातल्या मुळ्याच्या पाल्यावर दिसायचे, तुळशीवर दिसायचे. दुसऱ्यांच्या आगरांवरून जाताना मी मान खाली घालून चालायचे, कारण वर बघितलं आणि दिसलंच तर काय करायचं? पण नजर चुकून जायचीच. एकदा एका घराच्या दगडी गडग्यापलीकडे मी दिलेला वेल दिसला. ताजा, हिरवा, पण शेंड्याचं एक पान लहान. एकच. ते नवीन होतं म्हणून लहान की त्या रोगाने लहान, हे ठरवता येईना, आणि मी तिथे इतका वेळ उभी राहिले की त्या घरच्या सूनबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "काकी, बरं वाटत नाय काय?"

सगळ्यात जास्त भीती वाटायची ती पलीकडच्या वाडीची. इतरांच्या घरी मिरी म्हणजे मसाल्यापुरती, मुंबईला पाठवण्यापुरती. चार वेल गेले तर हळहळतील आणि विसरतील. पण तिचं सगळं त्या चिंचोळ्या पट्टीत होतं, वेलाला वेल लागून. त्यात मी माझ्या हाताने, हळदीकुंकू लावून, रोग नेऊन ठेवला होता. रीत मोडून तिला पुढे बसवली म्हणून मी स्वतःची पाठ थोपटत होते, आणि पदरात घातलं होतं ते हे. तिच्या वाडीकडे जायचं मी टाळू लागले. तिनेही त्या दिवसांत फोन केला नाही, ते मला बरंच वाटलं.

अहवालात विषाणू निघाला. मी विहिरीजवळचा वेल खणून काढला, शेजारचे दोन काढले, मुळांचे धागेसुद्धा वेचले आणि सगळं तिथेच जाळलं. मग ह्यांना सगळं सांगितलं. चोरीसकट. ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"म्हणजे तो प्रसाद हा होता," ते म्हणाले. मग म्हणाले, "आता सगळीकडे जायला हवं. मी येऊ का?"

"नको," मी म्हटलं. "मी दिलंय, मीच जाईन."

पण दिलेलं वाण परत मागायचं कसं? असं कधी कुणी केलेलं नाही. वाण दिलं की ते गेलं. मी पहिल्याच घरी अडखळत बोलले तर ती बाई घाबरून म्हणाली, "वाण परत न्यायचं म्हणजे आमच्या घरातून काय जाणार, वैनी?" तेव्हा तिच्या सासूबाईंनीच तोड काढली. वेल न्या, पण जागेवर नारळ ठेवा, म्हणजे घर रिकामं राहत नाही. मग मी पिशवीत नारळ, कोयती आणि खताचं रिकामं पोतं घेऊन घरोघर फिरू लागले. वेल मुळासकट काढायचा, पोत्यात भरून पोत्याचं तोंड बांधायचं, कोयती धुऊन पुसायची, खड्ड्यावर नारळ ठेवायचा आणि पुढच्या घरी. काही वेल आधीच मेले होते, आणि मेलेला वेल बघून आनंद होण्याचे दिवस माझ्यावर आले होते. काहींवर ठिपके होते. काही अगदी ठणठणीत दिसत होते, आणि ते उपटताना त्या घरच्या बायका माझ्याकडे अशा बघायच्या की मला वेड लागलंय.

आणि प्रत्येक घरी मी एकच वाक्य बोलत होते, "नर्सरीवाल्याने फसवलं हो."

काकूंकडे गेले. त्यांचा वेल माडाच्या आळ्याशेजारी होता, पानं चुरगळलेली. त्यांनी मला तो काढू दिला, नारळ हातात घेऊन वाजवून बघितला आणि म्हणाल्या, "नर्सरीवाल्याचं काय घेऊन बसलीस? तिला पुढे बसवलीस तेव्हाच मी म्हटलं होतं. सगळ्या म्हणतायत."

इथे मी खरं ते लिहिणार आहे. एरवी मी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं असतं. त्या दिवशी मी गप्प बसले. मला राग आला नाही. उलट क्षणभर बरं वाटलं, कारण दोष माझ्यावरून उतरून दुसऱ्या कुणाकडे तरी चालला होता. मी पोतं उचललं आणि निघाले.

पलीकडची वाडी मी सगळ्यात शेवटी ठेवली होती. भ्यायले होते, दुसरं काय.

दुपारची वेळ होती. ती आगरातच होती, माडाचे वाळलेले झाप ओढून एका बाजूला लावत होती. मला बघून ती थांबली. माझ्या हातातलं पोतं तिने बघितलं, कोयती बघितली, पण विचारलं काहीच नाही. मी आधी वेल शोधला. तिने तो आगराच्या बरोबर मधोमध, सगळ्यात चांगल्या पोफळीवर लावला होता, बुडाशी चिऱ्याचे तुकडे नीट रचून. आणि तो स्वच्छ होता. एकही ठिपका नाही, एकही चुरगळलेलं पान नाही. मी पोफळीला हात टेकला आणि मोठ्याने म्हटलं, "देवा, वाचवलंस."

मग मला देठं दिसली. वेलावर जागोजागी, शेंड्यापर्यंत, पान खुडल्यावर उरतात तशी बारीक देठं. काही वाळलेली, काही त्याच दिवशीची, टोकाला अजून ओली. शेजारच्या पोफळीवरच्या वेलावरही तशीच. त्याच्या पलीकडच्यावरही.

मी तिच्याकडे वळले. ती झापांच्या ढिगाकडे बघत होती. मी तिथे गेले आणि वरचे दोन झाप उचलले. खाली सुपारीच्या विरीत, म्हणजे झावळीच्या रुंद, द्रोणासारख्या बुडख्यात, भरून ठेवलेली पानं होती. लहान, अरुंद, ठिपक्यांची. खालची काळी पडलेली, वरची पिवळी. तीन महिन्यांची तरी असतील.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गणपतीच्या आदीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस? अगं, रोज पानं खुडत बसलीस? त्याने रोग जातो होय? तो आत असतो, वेलाच्या आत! पहिल्याच पानाला सांगितलं असतंस तर एकच वेल गेला असता!" माझा आवाज बारीक झाला होता. स्वतः एवढं करून मी तिच्यावर ओरडत होते.

ती रडली नाही. हातातला झाप खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "सांगितलं असतं तर सगळ्यांनी काय म्हटलं असतं, वैनी? रांडवेला वाण दिलं, म्हणून वाणाला कीड पडली. अकरा वर्षांनी कोणी पुढे बसवलान, आणि त्यातच हे. मला वाटलं माज्याच हाताने झालं. सगळ्यांकडं चांगलं आलं असंल, माज्याकडंच वाईट. म्हणून सकाळी उठून पयलं पानं खुडायचे, कोनाला दिसू नये म्हणून. तुमाला तर नायच नाय. तुमी परत बोलवलं नसतंत."

काकूंच्या अंगणात मी गप्प बसले होते त्याला अजून दोन तास झाले नव्हते.

मी चिऱ्यावर बसले आणि तिला सांगितलं. लग्न, मांडवामागची बाग, मोडलेला फुटवा, रुमाल, पर्स. नर्सरी नव्हती, हे सांगितलं. कृषी कार्यालयातल्या बाईंना नाही म्हटलं, ते सांगितलं. काकू काय म्हणाल्या आणि मी काय म्हटलं नाही, तेही सांगितलं, आणि ते सगळ्यांत कठीण गेलं.

ती ऐकत राहिली. मग तिचा चेहरा बदलला. मी तिला एवढ्या वर्षांत कधी चिडलेली बघितलं नव्हतं.

"तीन म्हयने," ती म्हणाली. "तीन म्हयने मी देवाला हात जोडत होते की माजं नशीब वाईट हाय तर मला काय ते कर, वेलांना करू नको. आणि तुमाला म्हायती होतं."

"हो," मी म्हटलं.

तिने माझ्या हातातली कोयती घेतली आणि मधल्या पोफळीवरचा वेल एका घावात बुडाशी तोडला. मग आम्ही दोघींनी मिळून पाच वेल काढले. वाणाचा एक आणि त्याच्या शेजारचे चार. त्यातला एक तिच्या नवऱ्याने लग्नाच्या वर्षी लावलेला होता. तो काढताना ती थांबेल असं मला वाटलं, पण ती थांबली नाही. मुळं मऊ मातीतून सहज सुटून आली. सगळं एका जागी ओढून आम्ही आग लावली. ओला वेल पेटता पेटत नव्हता, नुसता धूर होत होता, आणि आम्ही दोघी डोळे पुसत उभ्या होतो. पलीकडे तिचे तीसेक वेल राहिले होते. हिरवेगार दिसत होते, पण त्या हिरव्याचा आता दोघींनाही भरवसा नव्हता.

मी खड्ड्यावर ठेवायला नारळ काढला. तिने तो घेतला, पण ठेवला नाही.

"औंदा बोलवाल ना मला?" तिने विचारलं. रागातच विचारलं, माझ्याकडे न बघता.

मी नुसती मान हलवली, आणि तिला ते दिसलं नाही, म्हणून परत तोंडाने म्हटलं, "बोलवीन. सगळ्यांच्या आधी."

दुसऱ्या दिवशी मी कृषी कार्यालयातल्या बाईंना फोन करून माझं 'नाही' परत घेतलं. त्या एवढंच म्हणाल्या, "यादी लिहा." मग त्या स्वतः येऊन तिचं आगर बघून गेल्या. मुंग्यांचा आणि ढेकणांचा बंदोबस्त करायचा, ह्या आगरातलं एकही रोप बाहेर द्यायचं नाही, आणि निदान दोन पावसाळे प्रत्येक वेलाचं प्रत्येक नवीन पान बघायचं. वाचेल का, असं मी विचारलं. त्यांनी सांगता येत नाही असं सांगितलं, आणि खोटा धीर दिला नाही याबद्दल मी त्यांचे आभार मानले.

संक्रांत आली. मी ह्या वेळी स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या. निर्जीव, चकचकीत, रोग न होणाऱ्या. ती आली ती सगळ्यांच्या आधी, पुढच्या दाराने, आणि काकूंच्या नेहमीच्या जागेच्या शेजारी बसली. बायका जमल्या. कुजबुज चालू होती. हळदीकुंकवाचं पंचपाळं हातात घेऊन मी उभी राहिले. चाळीस वर्षं कमावलेलं नाव त्या ओटीवर माझ्यासमोर बसलं होतं.

"तो वेल नर्सरीतला नव्हता," मी म्हटलं. "मी चोरून आणला होता. रोग त्याच्यातूनच आला, आणि मी तो तुमच्या सगळ्यांच्या घरी नेऊन दिला. दुसऱ्या कुणाचा त्यात काडीचा संबंध नाही. कुणी म्हणत असेल तर माझ्या तोंडावर म्हणा."

काकूंनी पदर नीट केला. मी पुढे झाले, आधी तिला हळदकुंकू लावलं, वाटी दिली, मग काकूंना. काकूंनी वाटी घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, "ही तरी विकत आणलीस ना?" मागे कुणीतरी फस्सकन हसलं. मला हसू आलं नाही. पण काकू उठून गेल्या नाहीत, आणि तिच्या शेजारून सरकल्याही नाहीत.

हे होऊन आता पाच महिने झाले. पाऊस पडतोय, वेलांना नवीन पालवी आलीय, आणि मला पालवीची भीती वाटते. पूर्वी मी पालवी बघायला सकाळी धावत जायचे. आता चहा संपवते, भांडी विसळते, नको ती कामं काढते आणि मग जाते. माझ्या आगरात अजून काही दिसलेलं नाही. अजून, असं म्हणते.

आज सकाळी तिचा फोन आला. मी कपडे वाळत घालत होते. तिने नेहमीसारखं कशा आहात वगैरे विचारलं नाही.

"वैनी, गडग्याजवळच्या वेलाला एक पान आलंय. बारीक हाय. ठिपके पण हायत असं वाटतं."

मी हातातली साडी परत बादलीत टाकली.

"ऐकताव ना?" ती म्हणाली. "खुडलं नाय मी. तसंच ठेवलंय. तुमी या."

मी ओले कपडे बादलीतच ठेवले आणि चपला घातल्या.